हातचा

माझ्या तिसरीत कोणी बोटं उघडून मोजतं, कोणी मिटून.
ओइवा मुठीतून अंगठा बाहेर काढतो, तो एक.
यारोस्लावा भरल्या पंजापासून सुरू करते,
करंगळी आधी दुमडते, मूठ झाली की पाच.
आर्बनोरा पेन्सिल हनुवटीवर आपटते,
मोजते की नुसतीच आपटते, देव जाणे.
आणि ताहमीद
हात टेबलाखाली घेऊन
अंगठ्याने काहीतरी कुरवाळत बसायचा.

पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, चाळा पुरे. हात वर.
त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, पालथे,
वजन करून मांडलेल्या माशांसारखे.
पुढचे तीन आठवडे
त्याची एकही बेरीज बरोबर आली नाही.
मी वहीत शेरा मारला: लक्ष नाही.
तो शेरा अजून आहे. पेनाने मारला होता.

तुर्कूचा डिसेंबर. साडेनऊला उजाडतं,
साडेतीनच्या आत आवरलेलं असतं.
गुरुवार होता, म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक.
रांगेत तो माझ्या पुढे, ओठ घट्ट मिटलेले,
आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून चाललेला,
टोक, पेर, पेर, पेर,
मग शेजारच्या बोटावर उडी.
चार बोटं, चार चार मुक्काम. एका हातावर सोळा.
दुसऱ्या हातावर अकराला थांबला
आणि हलकेच हसला.
मी पुढची डोकी मोजली. सत्तावीस.
ताटात पॅनकेक तीस.

कोणी शिकवलं रे हे?
हात खिशात गेला.
बऱ्याच वेळाने, सुपात बघत:
अब्बा. पिझ्झाच्या दुकानात रात्री थाळ्या असेच मोजतात.

इथे मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात. गुन्नेवी, झालं!
गुन्नेवी, हा मला ढकलतो!
इल्वादला ते जमत नाही.
गुरूचं नाव तोंडात घ्यायचं नसतं, असं आईने बजावलंय.
म्हणून ती हाकच मारत नाही,
टेबलापाशी येऊन उभी राहते
मी मान वर करेपर्यंत.
एकदा वह्या तपासण्याच्या नादात
अख्खी मधली सुट्टी ती तशीच उभी होती.
तिला बाहेर जायचं होतं, एवढंच विचारायचं होतं.

मीसुद्धा आठव्या वर्षी बेटावरून या शहरात आले.
बाबा धक्क्यावर हेरिंगच्या पेट्या स्वीडिशमध्ये मोजायचे,
शाळा फिनिशमध्ये.
बाई म्हणाल्या होत्या, ओठ हलवू नकोस.
मी हलवणं थांबवलं.
आज एकोणपन्नास वर्षं उत्तरं फिनिशमध्ये देते
आणि आत, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी,
बाबांच्याच पेट्या मोजते.
हे मला ठाऊक होतं.
तरीही म्हटलं, चाळा पुरे.

सोमवारी त्याला सांगितलं, हात कुठेही ठेव.
दोनशे अठ्ठ्याहत्तर अधिक एकशे सेहेचाळीस.
वर्ग पुटपुटला, बोटं उघडली, मिटली,
टेबलाखाली अंगठा चालू लागला.
मी खिडकीशी जाऊन उभी राहिले
आणि उगाचच घसा खाकरला.

त्याने लिहिलं: चारशे चौदा.

दहा कमी. मी बोट ठेवलं, हातचा विसरलास.
आमच्या पुस्तकात त्याला लक्षात ठेवायचा आकडा म्हणतात,
रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहायचा असतो.
विसरलो नाही, तो म्हणाला, हा काय.
अनामिकेच्या मधल्या पेरावर
अंगठा दाबलेला, नख पांढरं पडलेलं.
फक्त लिहायचा राहिला.

मी चूक ती चूक म्हणून खूण केली.
या वेळी पेन्सिलीने.

घंटा झाली. सगळे कोटांवर तुटून पडले.
त्याने अंगठा पेरावरून उचललाच नाही,
तसाच, दातांनी ओढून वरून हातमोजा चढवला
आणि बर्फात पळाला.
हातमोज्याचा अंगठा
रिकामाच लोंबत होता.